शिकवायचे एकाने, न्यायचे दुसऱ्याने

उद्योजकांच्या कोणत्याही मेळाव्यात एक तक्रार हमखास ऐकू येते: माणसे मिळत नाहीत. म्हणजे हेल्पर मिळतात, अभियांत्रिकीची पदवी हातात घेऊन फिरणारेही मिळतात. पण सीएनसी यंत्रावर जॉब लावून देणारा सेटर, बिघडलेली डाय दुरुस्त करणारा कारागीर, बॉयलरच्या नळ्यांचे भरवशाचे वेल्डिंग करणारा वेल्डर मिळत नाही. तक्रार खोटी नाही. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालानुसार १५ ते २९ या वयोगटातल्या जेमतेम ४.४ टक्के तरुणांनी औपचारिक व्यवसाय प्रशिक्षण घेतले आहे, आणखी १६.६ टक्के इकडेतिकडे, कुणाच्या तरी हाताखाली शिकले आहेत. नवल वाटते ते तक्रारीपाठोपाठ येणाऱ्या मागणीचे. ती अशी की, सरकारने याबाबत काहीतरी करायला हवे. कारखान्याला पोलाद लागले तर मालक ते विकत घेतो, वीज अपुरी पडली तर जनरेटर बसवतो. कौशल्य मात्र दुसऱ्या कुणी तयार करून फाटकाशी आणून सोडावे, अशी त्याची अपेक्षा असते. या अपेक्षेला कंजूषपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे आणि पुष्कळ लोक तसे होतातही. माझे म्हणणे वेगळे आहे. मालकाचा हिशेब त्याच्यापुरता अगदी बरोबर असतो आणि बरोबर असतो म्हणूनच तो उपदेशाने, कायद्याच्या धाकाने किंवा अनुदानाच्या आमिषाने बदलत नाही. तो बदलायचा तर खर्च आणि फायदा दोन्ही एका धंद्यातल्या, एका औद्योगिक वसाहतीतल्या सगळ्यांनी मिळून वाटून घेण्याची सोय करावी लागते.

समजा, भोसरीतल्या चाळीस माणसांच्या एका वर्कशॉपने आयटीआय झालेल्या मुलाला दोन वर्षे हाताखाली घेतले. व्हीएमसी चालवायला, ड्रॉइंग वाचायला, टूल कधी बदलायचे ते ओळखायला शिकवले. या काळात त्याचा पगार गेला, त्याच्या हातून बिघडलेल्या जॉबचा माल गेला, यंत्राचे तास गेले आणि सगळ्यांत महागडा असा जुन्याजाणत्या ऑपरेटरचा वेळ गेला. तिसऱ्या वर्षी रस्त्यापलीकडची मोठी कंपनी त्या मुलाला महिन्याला तीन हजार जास्त देऊन घेऊन जाते. तिला ते परवडते, कारण शिकवण्याचा खर्च तिने केलेलाच नसतो. पुढच्या वेळी पहिला मालक काय करील? तोही रस्त्यापलीकडे बघू लागेल. सगळेच असे बघू लागले की शिकवणारा कुणी उरत नाही आणि मग त्याच मेळाव्यात तीच तक्रार. आर्थर पिगू या अर्थशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच हा पेच दाखवला होता. त्यावर गॅरी बेकरने १९६४ साली एक नेटके उत्तर दिले: जे कौशल्य सगळीकडे चालते त्याचा खर्च मालकाने करूच नये, कामगार शिकत असताना कमी पगार घेऊन तो स्वतःच करील, कारण पुढे फायदा त्याचाच आहे. कागदावर हे बिनतोड आहे. पण परभणीहून चाकणला येऊन एका खोलीत सहाजणांबरोबर राहणारा मुलगा दोन वर्षे अर्ध्या पगारावर कसा काढील? त्याला त्यासाठी कर्ज कोणती बँक देईल? आणि दोन वर्षांनी त्याला खरोखर काय शिकवले गेले, हे दुसऱ्या मालकाला कोण खात्रीने सांगणार? बेकरचा सौदा या तीन प्रश्नांवर मोडतो, आणि मोडला की त्याची एक विद्रूप नक्कल मागे उरते. पगार कमी दिला जातो, शिकवले मात्र काहीच जात नाही.

पुणे जिल्ह्याच्या औद्योगिक पट्ट्यात या नकलेला सगळे ‘ट्रेनी’ म्हणतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१३ मध्ये ‘नीम’ नावाची योजना आणली. हेतू चांगला होता. प्रत्यक्ष कारखान्यात काम करता करता तरुणांनी शिकावे. झाले असे की, पुष्कळ ठिकाणी ट्रेनी थेट उत्पादनाच्या लाइनवर उभा राहिला, पाळीचे टार्गेट पुरे करू लागला, आणि तो कागदावर विद्यार्थी असल्यामुळे कामगाराचे हक्क त्याला लागू झाले नाहीत. मुदत संपली की जुना ट्रेनी बाहेर, नवा आत. कामगार संघटनांनी सातत्याने ओरड केली आणि पुढे परिषदेने ही योजना गुंडाळली. यातला धडा मालक दुष्ट असतात एवढाच घेतला तर तो अपुरा राहील. शिकवण्याचा परतावा मालकाच्या हाती राहत नसेल, तर शिकवण्याच्या नावाखाली स्वस्त हात मिळवणे हाच त्याच्या दृष्टीने शहाणपणाचा व्यवहार ठरतो.

मग पूर्वी कारखाने शिकवत कसे होते? कारण शिकवत होते, हे खरे आहे. १९१० साली कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना हलवला तेव्हा त्या परिसरात तयार कारागीर असण्याचा प्रश्नच नव्हता. माणसे घडवण्यावाचून गत्यंतर नव्हते. साठच्या दशकात टेल्को पिंपरीत आली तेव्हा प्रशिक्षण विभाग आणि टूल रूम यांना तिने सुरुवातीपासून मानाचे स्थान दिले. पण या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान होती: शिकलेला माणूस सहजासहजी दुसरीकडे जाऊ शकत नव्हता. त्या माळावर वसलेल्या किर्लोस्करवाडीच्या आसपास दुसरा कारखाना नव्हता, आणि परवाना राज्यात टेल्कोच्या तोडीच्या नोकऱ्या मोजक्या होत्या. नोकरी म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी. त्यामुळे चार वर्षे शिकवून तीस वर्षे काम मिळण्याची खात्री होती. तरीही टेल्कोत शिकलेली काही माणसे बाहेर पडलीच. त्यांनी भोसरी-चिंचवडमध्ये शेड घेतली, लेथ टाकला, आणि टेल्कोसाठीच सुटे भाग बनवू लागली. एका कंपनीच्या खर्चावर साऱ्या शहराला कारागीर मिळाले. पुण्याच्या औद्योगिक भरभराटीचे श्रेय आपण हवापाण्याला आणि शिक्षणसंस्थांना देतो, या फुकट मिळालेल्या देणगीला फारसे देत नाही.

१९९१ नंतर ही व्यवस्था मोडली, आणि ती कुणाच्या वाईट हेतूने मोडली असे नाही. मोठी कंपनी फक्त जुळणी करू लागली. सुटे भाग पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या फळीच्या पुरवठादारांकडे गेले. जे काम पूर्वी एका छपराखाली दहा हजार माणसे करत, ते आता दोनशे छपरांखाली विखुरले. यातल्या एकाही छपराखाली स्वतंत्र प्रशिक्षण विभाग परवडत नाही. त्यात कंत्राटी पद्धत आली. वार्षिक औद्योगिक पाहणीनुसार संघटित कारखान्यांतल्या दर पाच कामगारांपैकी साधारण दोन आज ठेकेदारामार्फत आलेले असतात. कारखानदार म्हणतो, तो माझा माणूस नाही. ठेकेदार म्हणतो, मी फक्त माणसे पुरवतो. अशा माणसाला शिकवण्याची जबाबदारी कुणाच्याच वहीत नोंदलेली नसते. थोडक्यात, उत्पादन सामूहिक झाले, पण प्रशिक्षणाचा खर्च अजून एकेकट्याच्या माथी आहे.

सरकारने यावर जे उपाय केले ते सगळे या एकेकट्या मालकाला उद्देशून होते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने अप्रेंटिस घेण्याची सक्ती केली, आणि न घेणाऱ्याला तुरुंगात टाकण्याचीही तरतूद ठेवली. तुरुंगात फारसे कुणी गेले नाही आणि अप्रेंटिसही फारसे वाढले नाहीत. २०१४ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा काढून टाकण्यात आली आणि त्यानंतर कंत्राटी कामगार धरून एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते दहा टक्के अप्रेंटिस घ्यावेत असा पट्टा ठरला. २०१९ मध्ये त्याची वरची मर्यादा पंधरा टक्क्यांवर गेली आणि तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना ते बंधनकारक झाले. दरम्यान २०१६ पासून विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देऊ लागले. अप्रेंटिसची संख्या त्यानंतर वाढली, हे मान्य करायला हवे. पण कायद्याने डोकी मोजता येतात. त्या डोक्यांत काय गेले ते मोजता येत नाही. महाराष्ट्र शासनाच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत तर सहा ते दहा हजारांचे सगळे विद्यावेतन सरकारनेच द्यायचे ठरले. ज्या मुलासाठी आस्थापनेला पै खर्च करावी लागत नाही, त्याला शिकवण्याची तिला घाई कशाला असेल? योजनेतले प्रशिक्षणार्थी पुढे रस्त्यावर उतरले ते अधिक शिकवा म्हणून नव्हे, आम्हाला कायम करा म्हणून. त्यांनी योजनेचा अर्थ सरकारपेक्षा नेमका ओळखला होता.

उद्योगांनी स्वतः एकत्र येऊन हे काम करावे, ही कल्पना आपल्याकडे आली नाही असे नाही. २००८ मध्ये राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ स्थापन झाले, त्यात ५१ टक्के वाटा खासगी क्षेत्राचा. त्याच्या छत्राखाली क्षेत्र कौशल्य परिषदा उभ्या राहिल्या. वाहन उद्योगाची परिषद वाहन उत्पादक, सुट्या भागांचे उत्पादक आणि विक्रेते या तिघांच्या संघटनांनी मिळून काढली. तशाच आयटीच्या, रत्ने-दागिन्यांच्या, बांधकामाच्या. संचालक मंडळांवर नामांकित उद्योगपती होते. पण बीजभांडवल सरकारी होते, प्रशिक्षणाचे पैसे सरकारी योजनांतून येत होते आणि परिषदेचे उत्पन्न मुख्यतः परीक्षा व प्रमाणपत्रांच्या शुल्कावर चालत होते. जितकी प्रमाणपत्रे तितके उत्पन्न. परिणाम व्हायचा तोच झाला: काही आठवड्यांचे अभ्यासक्रम, प्रमाणपत्रांचे ढीग, आणि ते प्रमाणपत्र पाहून एक रुपया जास्त पगार द्यायला तयार नसलेले कारखाने, म्हणजे ज्यांच्या नावाने परिषदा चालत होत्या तेच. २०१६ मध्ये नेमलेल्या शारदा प्रसाद समितीने या परिषदांच्या हितसंबंधांतल्या गोंधळावर कठोरपणे बोट ठेवले. ब्रिटनमध्ये, जिथून ही कल्पना आपण उचलली, तिथेही वेगळे घडले नाही. २००२ पासून स्थापन झालेल्या तिथल्या परिषदा सरकारी निधीवर वाढल्या, २०१० नंतर तो आटला तशा बहुतेक मरगळल्या, आणि त्यांच्यावर देखरेख करणारा आयोगही २०१७ मध्ये बंद झाला. संस्था उद्योगांच्या नेतृत्वाखाली आहे की नाही, हे तिच्या लेटरहेडवरच्या नावांवरून ठरत नाही. तिचे पैसे कुणाच्या खिशातून येतात यावरून ते ठरते.

आता जिथे पैसे उद्योगांच्याच खिशातून आले तिकडे पाहू. ब्राझीलमध्ये १९४२ साली ‘सेनाय’ ही संस्था निघाली. उद्योगांनी पगारखर्चाच्या एक टक्का रक्कम सक्तीने द्यायची, आणि संस्था चालवायची उद्योगांच्या महासंघाने, असा तिचा पाया. पैसे आपले, म्हणून अभ्यासक्रमावर नजर आपली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले लुला दा सिल्वा याच संस्थेत टर्नरचे काम शिकले. ते कामगार पुढारी होऊन त्याच उद्योगपतींविरुद्ध संप करू लागले, ही गोष्ट वेगळी. ब्रिटनमध्येही १९६४ च्या कायद्याने अशी वर्गणी घेणारी मंडळे स्थापन झाली होती. थॅचरबाईंच्या सरकारने ती बहुतेक मोडली, पण बांधकाम क्षेत्राचे मंडळ मात्र टिकले, आणि ते टिकले ते त्या क्षेत्रातल्या मालकांना हवे होते म्हणून. या मंडळाच्या रचनेतल्या दोन गोष्टी आपण मुळातून अभ्यासाव्यात अशा आहेत. एक, वर्गणीचा दर ठरावीक वर्षांनी पुन्हा मांडावा लागतो आणि उद्योगातल्या बहुसंख्य मालकांची त्याला संमती आहे हे दाखवावे लागते. दुसरी अधिक मार्मिक आहे: स्वतःच्या पगारी माणसांवर वर्गणी ०.३५ टक्के, पण पोटकंत्राटदारांना दिलेल्या रकमेवर १.२५ टक्के. म्हणजे जो शिकवण्याची जबाबदारी कंत्राटाच्या आड ढकलतो, त्याने त्याची किंमत जास्त मोजायची. कंत्राटीकरणाविरुद्ध आपल्याकडे दिल्या जाणाऱ्या भाषणांपेक्षा हा एक दर अधिक बोलका आहे.

जर्मनीचे उदाहरण इतके दिले जाते की ते आता ऐकवत नाही. पण ते बहुधा चुकीच्या कारणासाठी दिले जाते. तिथल्या मुलांना श्रमाची लाज नाही, तिथली संस्कृतीच वेगळी, असे म्हटले की विषय संपतो. तिथे प्रत्यक्षात काय आहे ते पाहिले तर संस्कृतीपेक्षा यंत्रणा दिसते. प्रत्येक व्यवसायाला आपल्या भागातल्या चेंबरचे सभासदत्व कायद्यानेच घ्यावे लागते. १९६९ च्या व्यवसाय प्रशिक्षण कायद्यानुसार अंतिम परीक्षा हे चेंबर घेते, आणि परीक्षा मंडळात मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असतात, शिवाय व्यवसाय शाळेचा शिक्षक असतो. ज्या कारखान्याने शिकवले त्यानेच शिक्का मारायचा नाही. डॅरॉन असेमोग्लू आणि स्टेफन पिश्के यांनी नव्वदच्या दशकात दाखवून दिले की, जर्मन कारखाने सगळीकडे चालणारे कौशल्यही स्वखर्चाने शिकवतात, कारण तिथे पगारातली तफावत दबलेली असते. क्षेत्रनिहाय करारांमुळे रस्त्यापलीकडची कंपनी फार जास्त पैसे देऊन माणूस पळवू शकत नाही. पळवापळवीवरचा हा लगाम आपल्याकडे नाही, आणि दहा-वीस वर्षांत येईल असेही दिसत नाही. म्हणूनच आपल्याला वर्गणीचा मार्ग अधिक जवळचा आहे.

तो परका आहे, असेही कुणी म्हणू नये. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ साली डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट म्हणून सुरू झाली, आणि ती गाळप झालेल्या उसावर प्रतिटन ठरलेल्या वर्गणीवर उभी राहिली. संशोधन, बेणे, कारखान्याचे तंत्र आणि साखर तंत्रज्ञांचे प्रशिक्षण हे सगळे तिथे चालते, आणि कोल्हापूरच्या कारखान्याने पैसे भरून तयार झालेला केमिस्ट नगरच्या कारखान्यात गेला म्हणून कुणी तक्रार करत नाही. वर्गणी दोघांचीही आहे. सहकारी चळवळीबद्दल ज्यांचे मत चांगले नाही त्यांनीही या रचनेकडे पाहावे. दुसरे उदाहरण आणखी धाडसी आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा आला. हमाल आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या. मालकच निश्चित नाही तर भविष्यनिर्वाह निधी कुणी भरायचा? कायद्याने उत्तर दिले: हमालाची नोंद मंडळाकडे, मजुरी आणि वरची लेव्ही व्यापाऱ्याने मंडळात भरायची, आणि मंडळावर मालक, कामगार व सरकार तिघेही बसणार. मालक बदलला तरी हक्क बदलत नाही. आजच्या वाळूज किंवा चाकणमधल्या कंत्राटी ऑपरेटरची अडचण नेमकी हीच आहे; फक्त निधीच्या जागी कौशल्य धरा. अर्धशतकाहून अधिक काळापूर्वी या राज्याने हमालांसाठी जे शोधून काढले, ते यंत्रावर काम करणाऱ्यासाठी शोधण्याची बुद्धी आपल्याला झाली नाही.

मग रचना कशी असावी? माझ्या मते तिचा आकार दिल्लीचा असू नये, वसाहतीचा असावा. कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगावात ओतकाम चालते, तिथे साचा भरणारा आणि भट्टी सांभाळणारा हवा. चाकणमध्ये रोबोट आणि पीएलसी कळणारा मेंटेनन्सवाला हवा. इचलकरंजीला माग दुरुस्त करणारा जॉबर. हे दिल्लीतल्या परिषदेला कळेपर्यंत यंत्रे बदललेली असतात. प्रत्येक मोठ्या वसाहतीत, किंवा एकच धंदा असलेल्या शेजारच्या दोन-तीन वसाहतींत मिळून, एक प्रशिक्षण मंडळ असावे. पगारखर्चाच्या अर्धा टक्का वर्गणी असावी, ठेकेदाराला दिलेल्या रकमेवर ती त्याहून जास्त असावी. वसुलीसाठी नवे खाते उघडायला नको. भविष्यनिर्वाह निधीच्या चलनावर मालक आजही अर्धा टक्का निव्वळ प्रशासकीय खर्चापोटी भरतोच, त्याच चलनात आणखी एक रकाना येईल. रक्कम किती होईल याचा अंदाज करून पाहा. एका पट्ट्यात एक लाख कामगार आणि सरासरी पगार वीस हजार धरला तर वर्षाचा पगारखर्च २,४०० कोटी, आणि वर्गणी १२ कोटी. दोनशे माणसांच्या कारखान्याच्या वाट्याला वर्षाला २ लाख ४० हजार येतात, म्हणजे एका बऱ्या सुपरवायझरच्या पगाराहून कमी. जो कारखाना मान्य पद्धतीने शिकवतो त्याला या निधीतून खर्च परत मिळावा; त्याचा माणूस गेला तरी त्याचे नुकसान होणार नाही, आणि जो नुसता पळवतो त्याने तरी वर्गणीतून शिकवण्याचा खर्च उचललेला असेल. २०१५ च्या राष्ट्रीय कौशल्य धोरणाने उद्योगांनी पगारखर्चाच्या दोन टक्के रक्कम कौशल्यासाठी राखून ठेवावी असे सुचवले होते. सुचवले होते, म्हणून कुणी राखली नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो सक्तीच्या वर्गणीचा अनुभव वाईट असल्याचा, आणि तो हलका नाही. बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावर उपकर बसवला. राज्याराज्यांच्या मंडळांत हजारो कोटी रुपये साचून पडले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याबद्दल तीव्र नाराजी व्यक्त केली. माथाडी कायद्याच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या टोळ्या निघाल्या हेही सर्वांना माहीत आहे. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेच्या हिशेबावर प्रश्न उठतात, मांजरीच्या संस्थेवरही ते उठले आहेत. पण बांधकाम मंडळात पैसे देणाऱ्याला पैशांचे काय झाले हे विचारण्याचे स्थानच नव्हते. पैसे गेले की ते सरकारचे झाले. इथे वर्गणी भरणाऱ्यांनी निवडलेले मंडळ, दर तीन-चार वर्षांनी वर्गणी चालू ठेवायची की नाही यावर त्यांचेच मतदान, आणि वर्षात न वापरलेल्या रकमेची पुढच्या वर्गणीत सूट, या अटी घातल्या तर साचून ठेवण्यात कुणाचाच फायदा उरत नाही. मंडळ निकामी ठरले तर मालकांनी ते बुडवावे, हा अधिकार त्यांना असला पाहिजे. संस्थेला मरण्याची मुभा असली तरच ती जिवंत राहते, असे या बाबतीत तरी म्हणता येते.

दुसरा आक्षेप इंग्लंडच्या २०१७ च्या अप्रेंटिसशिप लेव्हीचा. तीस लाख पौंडांहून अधिक पगारखर्च असलेल्या कंपन्यांवर अर्धा टक्का लेव्ही बसली आणि पुढच्याच वर्षी नव्या अप्रेंटिसची संख्या सुमारे ४ लाख ९५ हजारांवरून ३ लाख ७६ हजारांवर घसरली. सक्ती फसली, असे म्हणणाऱ्यांना हा आकडा फार आवडतो. पण तिथे प्रत्येक कंपनीचे पैसे तिच्याच नावाच्या खात्यात जमा होत. मग कंपन्यांनी आपले पैसे आपणच वसूल करण्यासाठी आधीच नोकरीत असलेल्या व्यवस्थापकांना महागडे अभ्यासक्रम करायला पाठवले. पोरांची भरती कमी झाली, साहेबांची पदवी झाली. सक्ती होती, सामूहिकता नव्हती. माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मला सापडत नाही.

लहान कारखान्यांवर बोजा पडेल, हे म्हणणे खरे आहे आणि त्याचे उत्तर सोपे आहे: तीसपेक्षा कमी माणसांच्या आस्थापनांकडून वर्गणी घेऊ नये, पण मंडळाच्या वर्गांचा लाभ त्यांना द्यावा. मोठ्यांना हे अन्यायाचे वाटेल. त्यांनी आठवावे की, त्यांचे पुरवठादार म्हणजे हेच लहान कारखाने आहेत, आणि त्यांच्याकडून आलेल्या नाकारलेल्या मालाचा खर्च शेवटी कुणाच्या लाइनवर पडतो.

कामगार चळवळीकडून येणारा आक्षेप मला या सगळ्यांपेक्षा वजनदार वाटतो. मालकांच्या हाती प्रशिक्षण दिले की ते फक्त आपल्या यंत्रापुरते शिकवतील. माणूस एका बटणाचा गुलाम होईल. एकटा मालक असेच करील यात शंका नाही, आणि आजच ते घडते आहे. इंजिनाचा एकच भाग बनवणाऱ्या कारखान्यात दहा वर्षे काढलेल्या ऑपरेटरला विजेवरच्या गाड्या आल्यावर काय येणार आहे? त्याच्या मालकाला तो भाग बंद होईपर्यंतच त्याच्यात रस आहे. पट्ट्यातल्या दोनशे मालकांच्या मंडळाला मात्र एका भागापलीकडे पाहावे लागते, कारण कुणाला मशीनिंग हवे, कुणाला वायरिंग, कुणाला बॅटरीची जोडणी. तरीही हे त्यांच्या सद्‌बुद्धीवर सोडता येणार नाही. मंडळावर कामगार प्रतिनिधींच्या निम्म्या जागा हव्यात, आणि परीक्षा शिकवणाऱ्या कारखान्याने घेता कामा नये. प्रमाणपत्रावर पगाराची किमान पायरी ठरली नाही तर कामगाराने ते घ्यावे तरी कशासाठी? मालक संघटना ही अट शेवटच्या क्षणापर्यंत टाळतील असे माझे भाकीत आहे. ती टाळली तर बाकीची सगळी रचना पुन्हा ‘नीम’च्या वाटेने जाईल.

आणि नोकऱ्याच नसतील तर शिकवून काय उपयोग, हा प्रश्न राहतो. त्याला या लेखात उत्तर नाही. प्रशिक्षणाने मागणी निर्माण होत नाही. कौशल्याच्या योजनांना रोजगाराच्या योजना म्हणून विकण्याची जी पद्धत पडली आहे तिने दोन्हींचे नुकसान केले आहे. तसेच उद्योगांनी शिकवावे याचा अर्थ सरकारने शाळांतले गणित आणि आयटीआयमधली निदेशकांची रिक्त पदे विसरावीत असा होत नाही. अपूर्णांक न कळणाऱ्या मुलाला मायक्रोमीटर वाचायला कोणतेही मंडळ शिकवू शकणार नाही.

हा सगळा विचार आत्ताच करायचे एक कारण आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या एक हजार सरकारी आयटीआय सुधारण्याची ६०,००० कोटींची योजना मंजूर केली. त्यात ३०,००० कोटी केंद्राचे, २०,००० कोटी राज्यांचे आणि १०,००० कोटी उद्योगांचे. संस्था चालवायच्या त्या उद्योगांच्या नेतृत्वाखालच्या स्वतंत्र कंपन्यांनी. चारशेहून अधिक सरकारी आयटीआय असलेल्या महाराष्ट्राला यात मोठा वाटा मिळू शकतो. बहुधा होईल असे की, प्रत्येक ठिकाणी एखादी बडी कंपनी पुढे येईल, आपल्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून काही रक्कम देईल, फाटकावर पाटी लावेल आणि तिच्या उपयोगाचे दोन अभ्यासक्रम सुरू होतील. बाकीचे शंभर कारखाने पूर्वीसारखेच रस्त्यापलीकडे बघत राहतील. चाकण, वाळूज, सातपूर-अंबड, शिरोली आणि बुटीबोरीच्या उद्योजक संघटनांनी हे होऊ देऊ नये. त्यांनी आपल्या सर्वसाधारण सभेत वर्गणीचा दर ठरवावा, कामगार संघटनांना मंडळावर बोलवावे आणि तो ठराव घेऊनच शासनाकडे जावे. वर्गणीचा ठराव न करता कुशल माणसे मागायला येणाऱ्या संघटनेला मंत्र्यांनी चहा पाजून परत पाठवावे.